मॉडेलच्या टेबलावरचा सुपर ग्लू: वापर आणि साठवण

मॉडेल विमानाच्या प्लॅस्टिक किटमधील पंख आणि धड जोडण्यासाठी सुपर ग्लू वापरू नये, हे आधीच सांगितलेले बरे. पॉलिस्टायरीनसाठी, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकसाठी, मिळणारे पातळ सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवणारा गोंद) दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांचा एकजीव करते, तर सुपर ग्लू दोन भागांच्या मध्ये केवळ एक कडक, ठिसूळ थर तयार करतो. हा थर सरळ ओढ चांगली सहन करतो. बाजूने धक्का बसला की मात्र कडकन सुटतो. त्याची खरी जागा जिथे सिमेंटचे काही चालत नाही तिथे, म्हणजे रेझिनचे सुटे भाग, फोटो-एचचे (रसायनाने कोरलेले) पितळी पत्रे, धातूच्या नळ्या आणि अँटेनाच्या तारा यांच्या जोडणीत आहे.

हा गोंद वाळत नाही, तर हवेतील आणि पृष्ठभागावरील ओलाव्याने घट्ट होतो, एवढे लक्षात घेतले की त्याच्या बहुतेक लहरींचा उलगडा होतो. पातळ थराला लागणारा ओलावा चटकन मिळतो, म्हणून तो काही सेकंदांत धरतो. जाड थेंब मात्र वरून घट्ट दिसला तरी आत बराच वेळ ओला राहतो. त्यामुळे ‘पक्के बसावे’ म्हणून जास्त गोंद ओतणारा माणूस प्रत्यक्षात सांधा कच्चा करत असतो.

नळीची चोच थेट मॉडेलला कधीही लावू नये. जुन्या काचेच्या किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एकच थेंब काढावा आणि तेथून तो सुईने उचलावा. शिवणाच्या सुईच्या नेढ्याचे टोक कापून तिचा दुबेळका करावा आणि टोकदार बाजू लाकडी दांडीत खोचावी, की उत्तम अवजार तयार होते. त्या दोन दातांमध्ये अगदी मोजका गोंद धरला जातो. सुईवर गोंदाचा थर चढला की ती अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून पुसावी. मात्र हे अ‍ॅसिटोन मॉडेलजवळ आणू नये, कारण ते पॉलिस्टायरीनही विरघळवते. पितळी भाग आधी बारीक पॉलिश पेपरने किंचित खरवडून, तेलकटपणा पुसून, चिमट्याने जागेवर कोरडाच बसवून पाहावा. पातळ गोंदाचा थेंब सांध्याच्या कडेला टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो. भाग सरकवून जुळवायचा असेल, तर दाट प्रकारचा गोंद घ्यावा.

फट बुजवायची असल्यास तीत खायचा सोडा भरून वर पातळ गोंदाचा थेंब सोडावा; मिश्रण क्षणार्धात दगडासारखे होते. ते शक्यतो त्याच बैठकीत घासून घ्यावे. दुसऱ्या दिवसापर्यंत गोंद आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कडक होतो, आणि पॉलिश पेपर गोंदाऐवजी पंखच खाऊ लागतो.

पारदर्शक भागांच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. १/७२ प्रमाणातील मिग-२१ च्या कॉकपिटमध्ये पितळी पॅनेल चिकटवून मी लगेच कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, बसवली आणि विमान डब्यात बंद केले. सकाळी काचेवर आतून पांढरे धुके पसरलेले होते. गोंदाची वाफ बंद जागेत साचून पृष्ठभागावर घट्ट झाली होती. १९४२ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूवर बंदुकीच्या पारदर्शक दर्शिकांसाठी प्लॅस्टिक शोधत असताना सुपर ग्लूचे हे रसायन त्यांच्या हाती लागले होते, ही गोष्ट त्या क्षणी फारच बोचली. तेव्हापासून कॉकपिट रात्रभर उघडे ठेवतो आणि कॅनोपी पांढऱ्या फेविकॉलने बसवतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकल्यास ओल्या कापडाने पुसता येतो.

साठवणीतही शत्रू तोच, ओलावा. न उघडलेली नळी हवाबंद बरणीत घालून, खाद्यपदार्थांपासून आणि मुलांच्या हातापासून दूर, फ्रीजमध्ये ठेवावी. वापरण्यापूर्वी ती बरणीसकट तासभर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. थंड नळी तशीच उघडल्यास, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, आतबाहेर दव धरते आणि गोंद नासतो. उघडलेली नळी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत उभी ठेवावी. टोपण लावण्यापूर्वी नळी उभी धरून टेबलावर हलकेच आपटावी, म्हणजे चोचीतला गोंद खाली उतरतो, आणि मग चोच कोरड्या कागदाने पुसावी. चोचीत टाचणी खुपसून ठेवण्याची सवय सोडावी, कारण पुढच्या वेळी टाचणीच निघत नाही. कधीमधी काम करणाऱ्याने मोठी बाटली घेण्यापेक्षा अर्ध्या ग्रॅमच्या फेविक्विकच्या नळ्या घ्याव्यात. एक नासली तरी हळहळ वाटत नाही.

काम करताना खिडकी उघडी असावी. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती कापडाने टिपू नये. कापसाशी त्याची क्रिया इतक्या वेगाने होते की चटका बसतो, प्रसंगी धूरही येतो. बोटे चिकटल्यास ती ओढून सोडवू नयेत, तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोलल्यासारखी वेगळी करावीत. डोळ्यात गोंद गेल्यास पापण्या जबरदस्तीने न उघडता डोळा कोमट पाण्याने धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे.