पिल्लांचं खोकं उजेडात उघडा: नाशिक जिल्ह्यासाठी हिवाळी कुक्कुट सल्ला

निफाडचा पारा घसरायला लागला की पिल्लांचे टेम्पो फिरू लागतात. गावोगावच्या चैत्रातल्या जत्रा डोळ्यांसमोर ठेवून दिंडोरी, पेठ, सुरगाणा, सिन्नर सगळीकडे आत्ताच पिल्लं टाकली जातात. थंडीचं खाली लिहिलंय, ते पाळाच. पण थंडीने मेलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं. चुकीच्या जातीचं पिल्लू पाच-सहा महिने दाणा खातं आणि मग कळतं. म्हणून आधी हे: खोकं उजेडात उघडल्याशिवाय पैसे देऊ नका.

गेल्या हिवाळ्यात पेठकडच्या एका बचतगटाने २०० ‘कडकनाथ’ घेतली, म्हणजे कातडी-मांसापर्यंत काळी असणारी झाबुआकडची महागडी जात. टेम्पो रात्री साडेनऊला फाट्यावर आला. बायकांनी मोबाइलच्या उजेडात डोकी मोजली, दोन पिल्लं जास्त निघाली म्हणून बरं वाटलं, आणि पिल्लं थेट बल्बखाली गेली. मला बोलावलं ते पाचव्या महिन्यात. काळी कुळकुळीत पिसं आणि वर लालभडक तुरा. एक तलंग (अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी) धरून चोच उघडली, जीभ गुलाबी. छातीवरची पिसं फुंकून बाजूला केली, कातडी पांढरी. ऑस्ट्रॅलॉर्प या काळ्या पिसांच्या परदेशी जातीच्या रक्ताचा माल होता. अंड्याला वाईट नाही, पण पैसे कडकनाथचे मोजले होते. पहिल्याच दिवशी चार पिल्लं उताणी केली असती तर तिथेच कळलं असतं.

कडकनाथचं काळेपण कातडीत असतं, हे डोक्यात पक्कं ठेवा. एका दिवसाच्या पिल्लाची लव निळसर ते काळी, पाठीवर कधी वेडेवाकडे गडद पट्टे. नुसती लव बघाल तर फसाल. पिल्लू तळहातावर उताणं घ्या. चोच, जीभ, तळपाय, नखं, पोटाची कातडी सगळं काळपट-करडं हवं. गळ्याखाली आणि पोटावर पिवळट पांढरी लव, तळपाय गुलाबी, असं दिसलं तर परत करा. बोटं मोजा: चार हवीत. पाच निघाली तर सिल्की या दुसऱ्या काळ्या कातडीच्या जातीचं रक्त आहे.

यातूनही काही संकर सुटतात, कारण कडकनाथचं काळेपण संकरातही बऱ्यापैकी उतरतं. त्यांना वजन पकडून देतं. अस्सल कडकनाथ २० आठवड्यांत साधारण ९२० ग्रॅम भरतो, वर्षाला अंडी शंभरच्या आसपास. ‘तीन महिन्यांत दीड किलो’ म्हणणारा तुम्हाला संकर विकतोय. चैत्रातल्या जत्रेसाठी आत्ता कडकनाथ टाकणं तसंही हिशोबात बसत नाही. अंडं फिकट तपकिरी असतं. काळ्या अंड्याचा फोटो दाखवणाऱ्याच्या दारात थांबू नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूरकडे ‘पिल्लं आमच्याकडून घ्या, कोंबड्या आम्हीच उचलू’ या करारांत कितीतरी शेतकरी बुडाले. असा करार घेऊन कोणी आलं तर आधी त्याच्याकडची मायबाप कोंबडी बघायला मागा.

‘गावरान’च्या नावावर तर सर्रास फसवणूक चालते. खोक्यातली सगळी पिल्लं एकसारखी फिकट पिवळी आणि भाव अगदी पडेल असेल, तर ते लेअर (अंड्यासाठीच्या) जातीचे नर समजा. खातात भरपूर, अंगाला मांस लागत नाही. रंगवलेली पिल्लं बहुतेक तीच. गावरान खोक्यात तांबूस, पट्टेवाली, काळी, राखाडी अशी सरमिसळ असते. अर्थात वनराजा ही सुधारित संकर जातही रंगीत असते. माझी स्वतःची एक परीक्षा आहे, पुस्तकात नाही मिळणार: आठवड्याच्या पिल्लांवरून सूप सावलीसारखं फिरवा. माझ्या पाहण्यात गावरान पिल्लं बहुतेक घार आल्यासारखी दबतात नाहीतर आडोशाला पळतात. संकर बरेचदा मान वर करून बघत राहतात. खात्री मात्र तलंग खुडूक बसली की होते, संकर सहसा बसत नाहीत.

हैदराबादचा वनराजा, ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराजा हे पक्षी चांगले आहेत. पण घरी त्यांची अंडी उबवली तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. काही लहान हॅचऱ्या हीच दुसरी पिढी मूळ नावाने विकतात. बिलावर जातीचं नाव, उबवणीची तारीख आणि मरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची) लस लिहून घ्या. शंका आली तर मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

नेहमीची कामं:
- भाताचं तूस २–३ इंच, पहिले तीन दिवस वर कागद
- पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी
- पिल्लामागे २ वॅट बल्ब. रात्री वारा येणाऱ्या बाजूला पोती
- कोमट पाणी, पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा
- लसी: ५–७ वा दिवस लासोटा (मानमोडीची), १४ वा गंबोरो रोगाची, २८ वा पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यानंतर देवी, आठव्याला आर-टू-बी (मानमोडीचीच)

पिल्लांबरोबर दुकानदार लिव्हर टॉनिक आणि ताकदीच्या बाटल्या गळ्यात मारतो. त्या पैशांचं तूस घ्या. प्रवासातून आलेल्या पिल्लाला मी लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे गूळ देतो, आजवर तेवढं पुरलंय.

टेम्पोवाला म्हणेल, थंडीत खोकं उघडलं तर पिल्लं मरतील, लवकर उतरवा. पिल्लाच्या पोटात बलक असतो, त्यावर ते दोन दिवस निघतं. टेम्पोवाल्याला सकाळी नऊनंतर, ऊन आल्यावर बोलवा. रात्रीच आला तर दर खोक्यातून पाच पिल्लं घरात बल्बखाली न्या, उताणी करा, चोच उघडा. तोवर पैसे खिशात आणि टेम्पो दारात.