गाडीवर व्हीएचएफ अँटेना : आधी जागा ठरवा, मग अँटेना

गाडीतल्या हॅम (हौशी) रेडिओसाठी गाडीवर उभा दिसणारा दांडा हा अँटेनाचा निम्माच भाग असतो. उरलेला निम्मा भाग म्हणजे दांड्याखालचा गाडीचा पत्रा. १४५ मेगाहर्ट्झवर क्वार्टर वेव्ह (लहरीच्या पाव लांबीच्या) दांड्याला चहूबाजूंनी साधारण अर्धा मीटर सलग पत्रा लागतो. तो मिळाला तर दोन-तीनशे रुपयांचा तारेचा तुकडाही छान चालतो. नाही मिळाला तर महागडा ब्रँडही रडतखडत चालतो. म्हणून दुकानात जाण्याआधी मेजरिंग टेप घेऊन गाडीपाशी जा. इथली मापं आपल्या हॅम बँडची आहेत, म्हणजे १४४ ते १४६ (व्हीएचएफ) आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ (यूएचएफ). लायसन्स हातात असल्याशिवाय पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

टपाचा मधला भाग ही सर्वांत चांगली जागा. चारही दिशांना सिग्नल सारखा जातो, आणि आत बसलेली माणसं व अँटेना यांच्यामध्ये पत्रा येतो. सनरूफ असेल तर त्याच्या मागे जो सलग पत्रा उरतो त्याच्या मध्यावर लावा. कोपऱ्यात लावलेला अँटेना जिकडे पत्रा जास्त तिकडे जास्त फेकतो. डिकीच्या डाव्या कोपऱ्यात लावला तर पुढे-उजवीकडे जोर राहतो आणि उलट बाजूला कमी पडतो. बोनेटच्या कडेला लावला तर टप आडवं येतं आणि मागची बाजू दबते. थारसारख्या गाडीचं छप्पर कापडी असेल तर टपाचा विचार सोडा, बोनेटच्या बिजागरीजवळ ब्रॅकेट लावून काम करा. रूफ रेल तर बहुधा पावडर कोटेड किंवा प्लास्टिकवर टेकलेली असते. तिला क्लॅम्प लावला की पकड घट्ट वाटते, पण अर्थ (अर्थिंग, म्हणजे पत्र्याशी विजेची जोड) मिळतोच असं नाही.

जागा ठरली की अँटेना निवडणं सोपं होतं. क्वार्टर वेव्ह १४५ साठी ४९ ते ५० सेंटिमीटर, ४३५ साठी साधारण साडेसोळा. फाइव्ह-एट वेव्ह (लहरीचा पाच-अष्टमांश) १४५ ला जवळपास सव्वा मीटर, आणि त्याच्या बुडाशी मॅचिंगची, म्हणजे दांडा केबलशी जुळवून घेणारी कॉइल असते. हाफ वेव्ह सुमारे एक मीटर. त्याला पत्र्याची गरज फार कमी, म्हणून फायबरच्या किंवा कापडी छपराच्या गाडीला आणि रूफ रेलला तोच घ्यावा.

फाइव्ह-एटचा लाभ (गेन, एका दिशेला मिळणारा जास्तीचा जोर) कागदावर क्वार्टर वेव्हपेक्षा सुमारे ३ डीबी, म्हणजे दुप्पट पॉवरइतका, गाडीवर त्याहून कमी. शिवाय हा लाभ क्षितिजाच्या दिशेला मिळतो. सोलापूर किंवा मराठवाड्याच्या सपाटीवर लांबचा रिपीटर (सिग्नल झेलून पुढे पाठवणारं केंद्र) पकडायला तो कामाचा. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात रिपीटर डोंगरमाथ्यावर आणि तुम्ही खाली दरीत असता. तिथे क्वार्टर वेव्ह बरा, कारण तो वरच्या कोनातही बऱ्यापैकी फेकतो. लांब दांडा वेगात मागे वाकतो आणि सिग्नल फडफडतो, तो त्रासही आखूड दांड्याला जवळपास नसतो. एकच अँटेना घ्यायचा असेल आणि फिरणं घाटातलं असेल, तर आम्ही डोळे झाकून क्वार्टर वेव्ह सांगू. खोक्यावरच्या डीबीआय (सर्व दिशांना सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना) आकड्याला भुलू नका : साध्या डायपोलचाच (दोन बाजूंच्या दांड्यांच्या अँटेनाचा) लाभ २.१५ डीबीआय असतो, म्हणजे तेवढा आकडा फुकटात वाढलेला दिसतो.

सोसायटीच्या बेसमेंटची उंचीही मोजा. दीड मीटरच्या गाडीवर सव्वा मीटरचा दांडा म्हणजे पावणेतीन मीटर. बहुतेक पार्किंगच्या तुळईला तो रोज आपटेल. तिथे बुडाशी दुमडणाराच घ्यावा लागतो.

आता माउंट, म्हणजे अँटेना गाडीला धरून ठेवणारी बैठक. मॅग्नेट माउंटमध्ये अर्थ थेट जोडलेला नसतो. मॅग्नेटचं बूड आणि पत्रा यांच्यात रंगाचा थर राहतो आणि त्याचा कपॅसिटर बनतो. व्हीएचएफ-यूएचएफला एवढं पुरतं, एचएफला (३० मेगाहर्ट्झखालच्या लहरींना) नाही. बूड १० सेंटिमीटर किंवा जास्त व्यासाचं घ्या. ठेवण्याआधी टप पुसा, काढताना कड उचलून काढा, फरफटवू नका. खाली अडकलेली वाळू पॉलिश पेपरचं काम करते. पावसाळ्यात दर आठवड्याला उचलून खालचं पाणी पुसलं नाही तर तिथे गोल डाग पडतो.

डिकीच्या कडेला लावायच्या लिप माउंटचा जीव त्याच्या छोट्या अ‍ॅलन स्क्रूंमध्ये असतो. ते रंग फोडून पत्र्यात रुतले तरच अर्थ मिळतो. बरेच जण गाडीच्या रंगाला जपायचं म्हणून स्क्रूखाली रबर घालतात आणि मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) तीनच्या खाली येत नाही म्हणून अँटेनाला दोष देतात. बिजागऱ्यांत ग्रीस असतं, तिथून अर्थ भरवशाचा मिळत नाही. डिकी किंवा बोनेटपासून बॉडीपर्यंत १५ सेंटिमीटर लांबीची, तांब्याच्या विणलेल्या तारांची रुंद पट्टी (ब्रेड) जोडा. साधी वायर नको.

कायमचं आणि सर्वांत चांगलं काम म्हणजे भोक पाडून बसवलेला एनएमओ माउंट. त्याला १९ मिलिमीटरचं भोक लागतं. आतल्या दिव्याचं कव्हर काढलं की हेडलायनरच्या (टपाच्या आतल्या अस्तराच्या) वर हात जातो. टपाखालच्या आडव्या पट्ट्या बोटाने चाचपून दोन पट्ट्यांच्या मधली जागा बाहेरून टेपने खूण करा. आधी ३ मिलिमीटरचं पायलट भोक, मग ठरल्या खोलीवर थांबणारा होल-सॉ (गोल करवत). साधं मोठं ड्रिल वापरलं तर भोक तिकोनी होतं, आणि ड्रिल आत घुसलं तर हेडलायनर फाटतो. मशीन सावकाश चालवा. आतल्या बाजूने भोकाभोवतीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, माउंटचे दात तिथे बसतात. भोकाच्या कडेला प्रायमर लावा. लोखंडाचा चुरा मॅग्नेटने शेवटच्या कणापर्यंत उचला, नाहीतर पहिल्याच पावसात टपावर तांबूस ठिपके उमटतात. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या आणि माउंटची रिंग हाताने घट्ट करून वर पाव फेरा पिळा, जास्त नाही.

केबल खाली आणताना एक धोका लक्षात ठेवा. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत दरवाजांच्या वर आणि पिलरच्या आत एअरबॅग दडलेली असते. तिच्यासमोरून केबल नेऊ नका, तिला टायने बांधू नका. पिलरचं ट्रिम उघडायचं असेल तर बॅटरी काढून काही मिनिटं थांबा. खात्री नसेल तर ते काम ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या. मॅग्नेट माउंटची केबल दरवाजाच्या रबरातून न्यायची तर बिजागरीच्या बाजूने न्या. कुलपाच्या बाजूला ती दरवाजा लावताना चेपते, आतली मधली तार सरकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं आणि गाडीत येत नाही.

आरजी-५८ केबलच्या ५ मीटरमध्ये १४५ ला सुमारे १ डीबी आणि ४३५ ला सुमारे २ डीबी जातात. दुसऱ्या आकड्याचा अर्थ एक तृतीयांशाहून जास्त पॉवर केबलमध्येच संपली. बारीक आरजी-१७४ त्याच्या जवळपास दुप्पट खाते, ती मीटरभरापलीकडे वापरू नका. जास्तीची केबल गुंडाळून सीटखाली कोंबण्यापेक्षा कापा आणि नवा पीएल-२५९ (टोकाचा कनेक्टर) लावा.

रेडिओ सेट जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. केबलच्या टोकाच्या पीएलची बाहेरची रिंग आणि गाडीचा पत्रा यांच्यात एक ओहमपेक्षा कमी यायला हवं. मॅग्नेट माउंटला हे लागू नाही, तिथे काहीच दाखवणार नाही. मधली पिन आणि रिंग यांच्यात क्वार्टर वेव्हला ओपन हवं. फाइव्ह-एटमध्ये कॉइलमुळे इथे शॉर्ट दिसू शकतो, तो बिघाड नव्हे.

मग एसडब्ल्यूआर. गाडी मोकळ्या मैदानात उभी करा, दारं-डिकी बंद, दोन-तीन मीटरमध्ये कोणी नको, पॉवर ५ वॅट. बँड रिकामा आहे ना ऐका, कॉलसाइन (लायसन्सवरची तुमची ओळखखूण) सांगा आणि १४४, १४५, १४६ अशा तीन जागी वाचन घ्या. १४४ ला कमी आणि १४६ कडे चढत गेलं तर दांडा लांब आहे. उलटं असेल तर आखूड. क्वार्टर वेव्हमध्ये एक मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर, त्यामुळे एका वेळी दोन मिलिमीटरच कापा. कापलेलं परत जोडता येत नाही, आणि ड्युअल बँड (दोन्ही बँडचा) दांडा तर कापायचाच नाही. बुडाचा स्क्रू सैल करून वर-खाली सरकवा आणि दर वेळी ४३५ पण तपासा. दीडच्या आत उत्तम, दोनपर्यंत चालेल.

कमी एसडब्ल्यूआर म्हणजे चांगला अँटेना, असं मात्र मुळीच नाही. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या, पॉवर उष्णतेत घालवणाऱ्या जोडणीचा) एसडब्ल्यूआर एकास एक असतो आणि तो कुठेच पोहोचत नाही. पाणी शिरलेली केबल नेमकं हेच करते : परत येणारी पॉवर वाटेतच खाते, मीटर सुंदर वाचन दाखवतो आणि कालपर्यंत उघडणारा रिपीटर आज उघडत नाही. केबलला हात लावल्यावर काटा हलला तर अर्थिंग नीट नाही. डिकी उघडल्यावर हलला तर लिप माउंटचे स्क्रू पाहा. इंजिन बंद असतानाही खरखर येत असेल तर आधी मोबाइलचा यूएसबी चार्जर आणि डॅशकॅम उपसून पाहा, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

बाहेर असलेल्या प्रत्येक जोडावर आधी सेल्फ-अमलगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून, वर काळी इन्सुलेशन टेप. दोन्ही खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात आणि पाणी निथळतं. कोकणात, गोव्यात खारी हवा टेपखालीही पोहोचते, तिथे मे महिन्यात एक जोड उघडून पाहाच. केबलच्या आतली ब्रेड (तांब्याची जाळी) तपकिरी झाली असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल कापा; ३० सेंटिमीटर कापूनही काळपटच निघाली तर ती केबल फेका आणि नवी ओढा.