हृदयातील रक्तप्रवाह शिकताना या चुका टाळा

यवतमाळकडच्या खेड्यापाड्यांतील शाळांत उत्तरपत्रिका तपासताना ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध रक्त’ हे चुकीचे वाक्य मला दरवर्षी भेटते. हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शिरा. उजव्या निलयातून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, निघणाऱ्या फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलेच रक्त असते, आणि फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, येणाऱ्या चार शिरांत ते ऑक्सिजनयुक्त असते. तालुक्याच्या एका विज्ञान प्रदर्शनात सलाईनच्या नळ्या जोडून केलेली देखणी प्रतिकृती होती, पण फुप्फुस धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त दाखवणारे लाल पाणी भरलेले होते. ‘मग हे रक्त फुप्फुसात कशासाठी जाते?’ असे परीक्षकांनी विचारताच मुलगी गप्प झाली. तिने महिनाभर मेहनत घेतली होती. तिला गाईडमधले एक वाक्य देऊन मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. माझ्या वर्गात शरीराकडून रक्त आणणाऱ्या महाशिरांपासून शरीराकडे रक्त नेणाऱ्या महाधमनीपर्यंतचा मार्ग पेन्सिलने, बाण दाखवत पूर्ण झाल्याशिवाय रंगपेटी उघडत नाही.

आकृतीत हृदयाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे नावे देण्यापूर्वी पाहावे. शिरेतले रक्तही लालच असते, फक्त गडद. निळा रंग आकृतीपुरता.

दुसरी हट्टी चूक म्हणजे आधी उजवी बाजू आकुंचन पावते आणि मग डावी, असे मानणे. आधी दोन्ही अलिंदे आणि नंतर दोन्ही निलये जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतात, आणि विश्रांतीच्या स्थितीत प्रत्येक निलय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. डाव्या निलयाची भिंत जाड असते ती जास्त रक्तासाठी नव्हे, तर ते साऱ्या शरीरात ढकलण्यास लागणाऱ्या जास्त दाबासाठी. हे पटवण्यासाठी मी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी खाटकाला सांगून ठेवतो, की बोकडाच्या हृदयावरच्या नळ्या मुळापासून कापू नका. दोन्ही भिंती चिमटीत धरल्या की फरक बोटांना कळतो. महाधमनीत पाणी ओतले की अर्धचंद्राकृती झडपा फुगून मिटतात आणि पाणी निलयात उतरत नाही. व्हिडिओ दाखवून हा तास उरकू नये.

हृदयाच्या जाड स्नायूचे पोषण कप्प्यांतल्या रक्तावर होत नाही. महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन हृद्-धमन्या त्याला रक्त पुरवतात, आणि त्याच तुंबल्या की हृदयविकाराचा झटका येतो.