बालवाडीसाठी पैसे उभे करताय? या चुका टाळा

आनंद मेळाव्यात कुणाच्याही स्वतःच्या फोनचा क्यूआर कोड चिकटवू नका. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचा आणि थांबा.

मी नाशिकच्या सिडकोतल्या एका छोट्या बालवाडीचा हिशेब १६ वर्षं सांभाळते आहे. दोन खोल्या, एक अंगण, ४० मुलं. फी परवडेल एवढीच ठेवली आहे, त्यामुळे ताईंचे पगार निघतात आणि हात रिकामे होतात. झोपाळा, चटया, छताचे पत्रे, रंग, कागद हे सगळं वेगळं उभं करावं लागतं. नाशकातल्या इतर बालवाड्यांच्या ताई विचारायला येतात, मी सांगते, आणि चार महिन्यांनी त्यातल्या निम्म्या त्याच चुका करून परत येतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, घाई. "ताई, पुढच्या रविवारी करायचंय."

त्या क्यूआर कोडचं सांगते. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बालवाडी आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांनी मेळावा ठेवला. संस्थेच्या खात्याचा क्यूआर बँकेकडून आला नव्हता, म्हणून एका तरुण ताईच्या फोनपेचा कोड छापला आणि थर्माकोलवर लावून प्रत्येक स्टॉलवर ठेवला. भेळ, तिळगुळाच्या वड्या, पतंग, मुलांनी ठसे काढलेल्या पिशव्या. गर्दी छान झाली. रात्रीपर्यंत तिच्या खात्यात ४३,६०० रुपये आले.

त्या खात्यातून तिच्या घरच्या दुचाकीचा हप्ता जायचा. आधीचे दोन हप्ते थकले होते. सोमवारी सकाळी बँकेने दंडासकट ११,४०० रुपये वळते करून घेतले. त्यात रविवारीच तिच्या भिशीचे पैसेही खात्यात आले होते. आता कुठली रक्कम मेळाव्याची आणि कुठली घरची? फोनमध्ये नुसती नावं, २० रुपये, ३० रुपये, ५० रुपये. ती रात्री दीडपर्यंत एका हातात फोन आणि समोर चौकटीची वही घेऊन एकेक नोंद उतरवत बसली होती. मी दुसऱ्या दिवशी ती वही पाहिली. शेवटच्या तीन पानांवरचं अक्षर वाचता येत नव्हतं.

तिने तीन महिन्यांत पै न् पै भरली. पण पालकांच्या ग्रुपवर मंगळवारीच एकाने विचारलं होतं, "हिशेब कधी कळणार?" उत्तर द्यायला पाच दिवस लागले, आणि तेवढे पुरले. कुणी चोर म्हटलं नाही. पुढच्या मेळाव्याला माणसं आली नाहीत, एवढंच झालं. वर्षअखेरीला ती सोडून गेली. मुलांना मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारी तिच्यासारखी ताई मी फार कमी पाहिली आहे. म्हणून या विषयावर मी कुणाचं ऐकून घेत नाही.

माझी पद्धत अशी आहे. खातं संस्थेच्या नावाचं, काढायला दोन सह्या. त्याच खात्याच्या क्यूआरसाठी मेळाव्याच्या महिनाभर आधी बँकेत अर्ज. कोड वेळेत आला नाही तर सगळा व्यवहार रोखीत करायचा, आणि तोही स्टॉलवर नाही. दारात एकच टेबल, तिथे १० आणि २० रुपयांची कुपनं विकायची, स्टॉलवर फक्त कुपन चालणार. भेळ करणारीचे हात चिंचेच्या पाण्याने भरलेले असतात, तिला सुटे मोजायला लावू नका. संध्याकाळी गल्ला तिघांनी मोजायचा, त्यातला एक पालक हवाच. दुसऱ्या दिवशी मुलांना सोडायच्या वेळी जमा, खर्च आणि शिल्लक फळ्यावर लिहिलेली असते. छापील अहवाल नंतर होत राहतो, फळा मात्र २४ तासांत भरलाच पाहिजे.

संस्था नोंदलेली नसेल तर आधी तिकडे बघा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा आहे. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून कलम ४१ क ची परवानगी घेतात ती याच कायद्याखाली. चांगल्या कामासाठी पैसे गोळा करतोय म्हणून परवानगी लागत नाही, असं नसतं.

आगाऊ पैसे न घेता नाशवंत माल आणणं

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तपशिलाने सांगते.

नाशकात राहून द्राक्षं विकायचा विचार कुणाच्याही मनात येतो. ऑक्टोबरात छाटणी झालेल्या बागेचा माल साधारण ११० ते १३० दिवसांत तयार होतो. म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे खुडा चालू असतो. बागेतून थेट माल घ्यायचा, पाच किलोच्या पेट्या करायच्या, पालकांना बाजारापेक्षा ताजी द्राक्षं आणि बालवाडीला चार पैसे. विचारात चूक काहीच नाही.

आम्ही ग्रुपवर टाकलं. "मला एक", "मला दोन", "सासूबाईंकडे पण एक" असं करत ७० पेट्या झाल्या. दिंडोरीकडचे एक ओळखीचे बागायतदार होते, आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांनी विचारलं, "ताई, पैसे आलेत का समद्यांचे?" मी म्हटलं, "आबा, आपलेच पालक आहेत." ते पुढे काही बोलले नाहीत.

मार्चचा पहिला आठवडा. गुरुवारी रात्री बेमोसमी पाऊस झाला, शनिवारी माल आला. किलोला ४५ रुपये, शिवाय पेट्या आणि टेम्पो धरून सगळे १७,८५० रुपये रोख मोजले. पेटीची विक्री ३२० ला. शनिवारी संध्याकाळपर्यंत ३१ पेट्या गेल्या. रविवारी दाट लग्नतिथी, अर्धं सिडको कुठल्या ना कुठल्या मंगल कार्यालयात. उरलेल्या ३९ पेट्या आम्ही आतल्या खोलीत एकावर एक रचून दार लावून ठेवल्या होत्या. सोमवारी सकाळी दार उघडलं तर आंबूस वास आला. वरची पेटी उचलली तर घड हातात आला आणि मणी खाली राहिले. देठाशी बुरशीची पांढरी लव दिसत होती. पावसात भिजलेल्या मालाला तडे गेले होते, आणि बंद खोलीच्या उबेने बाकीचं काम केलं.

१४ पेट्या निवडून निम्म्या किमतीला दिल्या. २५ टाकाव्या लागल्या. एकूण आले १२,१६० रुपये, खड्डा ५,६९० चा. तो मी आणि आमच्या अध्यक्षबाईंनी मिळून भरला, कारण ते पैसे मुलांच्या चटयांचे होते.

पुढच्या वर्षी आबांकडूनच माल घेतला, पण पद्धत बदलली. पैसे भरले तरच नाव यादीत. यादी बुधवारी रात्री बंद. पाऊस झाला तर व्यवहार रद्द आणि पैसे परत, हे पालकांना आणि आबांना दोघांनाही आधी सांगितलेलं. शुक्रवारी बागेत जाऊन चार-पाच वेलींवरचे, घडाच्या शेंड्याकडचे मणी खाऊन बघायचे. शेंडा गोड लागला तर सगळा घड गोड. शनिवारी पहाटेचा खुडा, सकाळी १० ते १ पेट्या न्यायच्या, २ नंतर उरलेल्या शेजारपाजारी विकायच्या. पेट्या ओसरीवर सावलीत, एकावर एक न रचता. ५२ पेट्या झाल्या, ३,३८० रुपये उरले. रक्कम लहान वाटेल. आमच्याकडे त्यात वर्षाचे रंग आणि कागद आले.

नव्या ताई म्हणतात, "पैसे आधी मागितले तर लोकांना राग येतो." येत नाही. घ्यायचंच नसतं तो गप्प बसतो, आणि तो बुधवारीच गप्प बसलेला बरा.

जमा मोजायची, खर्च विसरायचा

एका बालवाडीने गाण्याचा कार्यक्रम केला. सभागृह, ध्वनियंत्रणा, मंचाची सजावट, शाल-श्रीफळ, चहा-नाश्ता. तिकिटं ४१,००० ची गेली, खर्च ३८,५०० झाला. अडीच हजारांसाठी सगळ्या ताई महिनाभर राबल्या, आणि त्या महिन्यात वर्गात मुलांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हे दुसरं मला जास्त लागतं.

आमच्याकडे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रद्दी गोळा होते. मुलांची घरं आणि शेजारी मिळून महिन्याला १६० किलोच्या आसपास. गेल्या वर्षी किलोला १२ रुपये मिळाले, म्हणजे महिन्याला १,९२० आणि दहा महिन्यांत १९,२००. मंच नाही, सत्कार नाही. सुरुवात करणाऱ्यांना हे आवडत नाही, त्यांना एका संध्याकाळी लाख हवे असतात. मी कुठल्याही कल्पनेला आधी वहीत खर्चाचं पान लावते. द्राक्षांसारखे पैसे आधी हातात आलेले नसतील आणि अपेक्षित जमेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा खर्च वर गेला, तर ती कल्पना तिथेच सोडून देते.

मेळावाही दुसऱ्या रविवारीच ठेवा. का? सातपूर-अंबडच्या कामगारांचे पगार ७ तारखेच्या आसपास होतात. महिनाअखेरीला मेळावा ठेवला की बाप मुलाला स्टॉलपासून ओढत नेतो, आणि ते मूल रडतं. गणपतीत मागू नका, तेव्हा घरटी दोन-तीन वर्गण्या गेलेल्या असतात. जूनमध्येही नको, मोठ्या भावंडांची वह्या-पुस्तकं आणि रेनकोट असतात.

या बाकीच्या, थोडक्यात

प्रवेशाला देणगी जोडू नका. ऐच्छिक म्हणून फॉर्ममध्ये रकाना ठेवला तरी दारात उभ्या आईला तो सक्तीचाच वाटतो. कॅपिटेशन फी बंदीचा कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे.

तिकिटं विकून सोडत काढू नका. परवानगीशिवायची लॉटरी हा गुन्हा आहे, बक्षीस मिक्सर असला तरी.

"करात सूट मिळेल" असं सरसकट सांगत फिरू नका. तुमच्या संस्थेकडे देणगीदाराला वजावट मिळवून देणारी, ८०जी नावाने ओळखली जाणारी आयकराची मान्यता असायला हवी, २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्या पगारदाराला ही वजावट मिळतच नाही.

अमेरिकेतल्या भाच्याचे पैसे घेण्याआधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी तो परदेशी निधी ठरतो, आणि त्याला परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा आधी परवानगी लागते.

अंबडमधल्या दहा कामगारांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी खर्च करायचा निधी, मागू नका. तो २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना लागू आहे: निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ संपत्ती ५०० कोटी. त्या वर्कशॉपवाल्याकडे जरूर जा, पण त्याच्याकडे वेल्डिंग मशीन आहे हे लक्षात ठेवून जा. आमच्या झोपाळ्याचा सांगाडा असाच झाला. पाइप आम्ही आणला, जोडकाम त्याने एका रविवारी करून दिलं.

आणि चार वर्षांच्या मुलाच्या हातात डबा देऊन त्याला दारोदार पाठवू नका. मुलांचे केविलवाणे फोटो ग्रुपवर फिरवू नका. यावर मी चर्चा करत नाही.

वस्तू हवी असताना पैसे मागणं

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. महागडी साधनं गावात परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे अशा जवळच मिळणाऱ्या वस्तूंतून शिकवायची साधनं केली. चिंचोके मोजायला शिकलेल्या मुलाचं काही अडत नाही. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या संचासाठी निधी मागणाऱ्या ताईंना मी आधी विचारते, बुधवारच्या बाजारात चिंचोके आणि गोदेकाठी गोटे मिळायचे बंद झालेत का?

आमच्या फाटकावर एक पाटी आहे. तिच्यावर रक्कम कधीच नसते, वस्तू असते. नोव्हेंबरात लिहिलं होतं: वाळू दोन गोण्या, सिमेंट अर्धी गोणी, पायरी दुरुस्त करायची आहे. तिसऱ्या दिवशी एका मुलीचे बाबा थांबले. ते गवंडी आहेत, फी दोन हप्त्यांत भरतात, मेळाव्यात कधी दिसत नाहीत. म्हणाले, "ताई, हे पैशाचं काम नाही, माझं काम आहे." रविवारी सकाळी थापी आणि घमेलं घेऊन आले. मुलगी शेजारी बसून ओल्या सिमेंटपासून मांजराला हाकलत होती. दुपारी बारापर्यंत पायरी झाली. त्यांनी ती आधीच्यापेक्षा दोन बोटं बुटकी केली, मुलांचे पाय पुरावेत म्हणून. आमच्यापैकी कुणाला ते सुचलं नव्हतं.

सध्या पाटीवर एकच ओळ आहे: पावसाआधी पन्हळीसाठी दहा फूट पत्रा.