एम-113 शिकायला घेताय? मग आधी वही बाजूला ठेवा

मॉडेल बनवणारी नवीन पोरं हमखास विचारतात की एम-113 या अमेरिकन चिलखती गाडीचे व्हेरियंट, म्हणजे वेगवेगळे प्रकार, पाठ कसे करायचे. मीही तेच करत बसलो होतो, वहीत टेबल आखून एम-106 म्हणजे मॉर्टरवाली, एम-577 कमांड पोस्ट, एम-132 आग ओकणारी, एम-163 व्हल्कनवाली (विमानांवर मारा करणारी झपाट्याची तोफ) असं सगळं उतरवलं, दोन महिन्यांत वही भरली आणि डोकं तसंच रिकामं. त्याच जोशात पहिलं मॉडेल बनवलं. लेबल लावलं 'दक्षिण व्हिएतनाम, जानेवारी 1963' आणि गाडीवर चढवला अख्खा एकॅव्ह किट, म्हणजे कमांडरभोवती गोल ढाल, मागे दोन्ही बाजूंना ढालीसकट एम-60 मशीनगन. प्रदर्शनात एक रिटायर्ड फौजी काका बराच वेळ वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "अरे, हे सगळं तेव्हा असतं तर आप बाकला ती पोरं मेली असती का?"

घरी येऊन आप बाक या व्हिएतनाममधल्या लढाईबद्दल वाचलं, आणि खरा अभ्यास तिथून सुरू झाला.

तर झालं असं की 1962 मध्ये अमेरिकेने दक्षिण व्हिएतनामच्या आर्मीला एम-113 दिल्या. अॅल्युमिनियमच्या चिलखताची, साधारण 11 टनांची, पाण्यात पोहणारी गाडी, मूळ कल्पना अशी की जवानांना लढाईपर्यंत पोचवायचं आणि मग त्यांनी उतरून लढायचं. पण मेकाँग डेल्टाच्या भातखाचरात ती रणगाड्यासारखी थेट अंगावर घालायला लागले, आणि वरची पॉइंट फिफ्टी मशीनगन चालवणारा गनर कमरेपासून वर पूर्ण उघडा! 2 जानेवारी 1963 ला आप बाकमध्ये गाड्यांना कालवे ओलांडतानाच उशीर झाला, ती पोहते खरी पण चिखलाचा काठ चढताना रुतते, आणि समोर व्हिएतकाँग, म्हणजे कम्युनिस्ट गनिम, खंदकात दबा धरून. त्या एका दिवसात किमान 14 गनर गेले.

मग ढाली आल्या. पहिल्या ढाली बुडालेल्या जहाजाच्या पत्र्यातून कापलेल्या होत्या, ते पोलाद मऊ, गोळी आरपार जायची, म्हणून नंतर भंगारात निघालेल्या चिलखती गाड्यांच्या प्लेटा वापरल्या. कारखान्यात बनलेला किट त्यानंतरचा, आणि एकॅव्ह हे नाव रुळलं ते 1966 ला व्हिएतनाममध्ये उतरलेल्या अमेरिकेच्या 11व्या आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंटमुळे. म्हणजे माझं मॉडेल तीनेक वर्षं घाईत होतं.

तेव्हापासून कुठलाही फोटो आला की मी एवढंच बघतो: हा बदल कारखान्यातून आलाय, किट म्हणून बसवलाय की तिथल्या तिथे केलेला जुगाड आहे? कारखान्याच्या बदलाला नंबर असतो, उदाहरणार्थ पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल आलं तेव्हा ती एम-113ए1 झाली. किटचे बोल्ट सगळ्या गाड्यांवर एकाच जागी दिसतात. जुगाड मात्र प्रत्येक गाडीवर वेगळा, कुठे ढाल तिरकी, कुठे वेल्ड ओबडधोबड. जुगाडाचा नंबर कुठल्याच टेबलात सापडत नाही, म्हणूनच माझी वही वाया गेली. आणि काही जुगाड तर बाहेरून दिसतच नाही, सुरुंगाच्या भीतीने आत फरशीवर वाळूच्या गोण्या अंथरायचे. फोटोत जवान छतावर का बसलेत हे मला आधी कळायचं नाही, वाटायचं हवा खातायत. खाली सुरुंग फुटला तर आत बसणारा जातो, वरचा फेकला जाऊन निदान वाचू शकतो, एवढा साधा हिशोब.

ऑस्ट्रेलियन लोकांनी तर सलादीन चिलखती गाडीचा 76 मिमी तोफेचा अख्खा टरेटच (वरचा फिरता बुरुज) एम-113 वर बसवला, दिसायला बेढब पण पायदळाला तोफ मिळाली ना.

पुण्या-मुंबईकडचे असाल तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक दिवस काढाच. तिथे मुख्यतः रणगाडे आहेत, पण वेल्ड कसा दिसतो, ओतीव पोलाद आणि पत्रा यात काय फरक, हे पुस्तकातल्या फोटोत कळत नाही, समोर उभं राहिल्यावर कळतं. एकॅव्ह पचला की मग इस्रायलची झेल्दा घ्या, तीच एम-113, पण बाजूला अंतर ठेवून भोकांच्या पोलादी प्लेटा टांगलेल्या. भोकं कशासाठी ते आधी स्वतः डोकं लावून बघा, लगेच गुगल करू नका.