लाइन ड्राइव्हच्या सरावाला निघताना पिशवीत काय काय

आधी होम प्लेट पिशवीत टाका, मग पुढचं वाचा. होम प्लेट म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये बॅटर जिच्या शेजारी उभी राहून मारते ती जमिनीवरची पंचकोनी पाटी, आणि लाइन ड्राइव्ह म्हणजे फार उंच न चढता सरळ, वेगानं जाणारा फटका. बॅट, चेंडू, टी (चेंडू वर ठेवून मारायचा उभा दांडा) कुणी विसरत नाही. प्लेट विसरते, कारण टीवरच्या सरावाला ती कशाला लागते, असं वाटतं. मलाही गेल्या हंगामात तसंच वाटलं. मुली टीवरून सणसणीत मारत होत्या, जाळी थरथरत होती, मी खूश. तालुक्याच्या सामन्यात त्याच मुलींचे चेंडू एक तर फर्स्ट बेसमागे (धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यामागे) उंच चढून झेलात गेले, नाहीतर पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, पायाशी मरगळून थांबले.

घोळ असा होतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच टींचं बूड पंचकोनी, होम प्लेटच्या आकाराचं असतं. मुलगी त्या बुडालाच प्लेट समजून उभी राहते. दांडा बुडाच्या मधोमध, म्हणजे चेंडू थेट तिच्या पोटासमोर. तिथल्या चेंडूवर रोज मारलं की अंगाला तीच जागा पाठ होते. सामन्यात मग ती चेंडू पोटापर्यंत येऊ देते आणि बॅट पुरती फिरायच्या आतच चेंडू बॅटवर येऊन आदळतो. लाइन ड्राइव्ह निघतो तो पुढे. मधला चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत, अंगावरचा त्याहून वीतभर पुढे, बाहेरचा जरा मागे. म्हणून प्लेट वेगळी ठेवायची, मुलीला प्लेटच्या हिशेबानं उभं करायचं, एकदा नुसतं पाऊल टाकायला लावायचं आणि ते जिथे पडेल त्या रेषेत टी सरकवायची. पाऊल टाकल्यानंतरची जागा धरायची, आधीची नाही. आणि टीचं बूड म्हणजे प्लेट नव्हे. पुन्हा सांगतो, टीचं बूड म्हणजे प्लेट नव्हे.

रबराची प्लेट विकत मिळते. नसेल तर जुन्या रबरी पायपुसण्यातून कापा. पिचरकडची कड 17 इंच, दोन्ही बाजू साडेआठ-साडेआठ, मागच्या दोन तिरक्या कडा 12-12 इंच, टोक कॅचरकडे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारीकडे. पुठ्ठ्याची करू नका, दव पडलेल्या मैदानावर तासाभरात लगदा होतो. प्लेटबरोबर थोडी फक्की आणि मोजपट्टी घ्या. बॅटरचा चौकोन 3 फूट रुंद, 7 फूट लांब, प्लेटपासून 6 इंच सोडून. पुढची रेघ प्लेटच्या मध्यापासून 4 फूट पुढे. एवढं आखायचा कंटाळा येणारच. निदान ती रोज कुठे उभी राहते त्या दोन पायांच्या खुणा तरी फक्कीनं मारा. फक्की मोठ्या माणसानंच टाकावी, मुलं मूठभर उचलून एकमेकींच्या डोळ्यांत घालतात.

बॅट. शाळेच्या किटमध्ये असते ती बहुतेक वेळा मोठ्या मुलांच्या मापाची. नियमानं 34 इंचांपर्यंत लांब बॅट चालते, म्हणून बारा वर्षांच्या मुलीच्या हातात 34 इंची देऊ नका. तिला एका हातात बॅट आडवी धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताणायला सांगा. वीस सेकंदांच्या आत हात थरथरला तर बॅट जड. जड बॅटचं टोक फिरवतानाच खाली लोंबतं, ते सावरायला मागचा खांदा पडतो आणि चेंडू उभा आकाशात. अशा मुलीला ‘खांदा पाडू नकोस’ म्हणून दिवसभर ओरडलात तरी काही होणार नाही, बॅट बदला. पकड बघून घ्या: बॅट तळहातात रुतलेली नको, बोटांत हवी, दार वाजवताना वापरतो ते सांधे दोन्ही हातांचे साधारण एका रेषेत.

चेंडू 12 इंच परिघाचे, जुने चालतील, शिवण फक्त उसवलेली नसावी. मैदान लहान असेल तर प्लॅस्टिकचे भोकांचे. त्यासोबत एक हवा गेलेला व्हॉलीबॉल न्या, प्रत्येक शाळेच्या कपाटात एक तरी पडलेला असतो. तो टीवर ठेवून मारायला लावा. जी मुलगी चेंडूला बॅट लागताच हात आखडते तिचा व्हॉलीबॉल तिथेच धप्पकन पडतो, जी बॅट चेंडूतून पुढे नेते तिचा सरळ जातो. समजावून सांगायची गरजच पडत नाही. यासाठी जुनी बॅट वापरा.

सुतळी आणि दोन बांबू. ही माझी आवडती वस्तू आहे. टी कमरेच्या उंचीवर लावा, समोर 15 फुटांवर बांबू रोवा आणि दोन सुतळ्या आडव्या बांधा, एक साडेचार फुटांवर, दुसरी सात फुटांवर. दोन्हींच्या मधून गेलेला चेंडू म्हणजे ढोबळमानानं 10 ते 20 अंशांत सुटलेला, तोच आपल्याला हवा. खालून गेला तर ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा चेंडू. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर 60 फूटच असतं, इनफिल्डच्या (बेसजवळ उभ्या खेळाडूंच्या) हातात सरळ गेलेल्या ग्राउंडरवर धावणारी सहसा वाचत नाही. वरून गेला तर झेल. सुतळ्या बांधल्या की ‘सर, लागला का?’ हा प्रश्न बंद होतो, मुली आपापसात मोजायला लागतात. मात्र त्या मोजण्याच्या नादात टीच्या जवळ सरकतात, चेंडू परत पोटासमोर येतो. प्लेट आणि पायांच्या खुणा असतील तर लगेच दिसतं. नसतील तर सुतळीतून सुंदर चेंडू जात राहतात आणि सराव मात्र चुकीच्या जागेचा होत राहतो. आमचं नेमकं हेच झालं होतं.

आता सांगायचं काय, तेही ठरवून जा. आपल्याकडची मुलं क्रिकेट बघून आणि खेळून आलेली असतात. बॅट उभी आणतात किंवा चेंडू खाली दाबायला बघतात. जुने शिक्षक ‘वरून खाली मार’ सांगायचे, अजूनही कुणी कुणी सांगतात. हाताखालून टाकलेला चेंडू प्लेटवर येताना मुळातच उतरत असतो. लहान वयातल्या पिचरचा संथ चेंडू तर जास्तच. त्यावर कुऱ्हाड घातल्यासारखी बॅट आणली तर दोघांच्या वाटा एका बिंदूतच भेटतात आणि तो बिंदू अर्धा क्षण चुकला की चेंडू जमिनीत. बॅट आधी चेंडूच्या पातळीला यायला हवी आणि मग किंचित वर चढत त्याच्याच वाटेनं पुढे जायला हवी. किंचित. लगेच खालून उपसायला लागतात, म्हणून मुलीला कोनबिन सांगू नका. ‘चेंडू पिचरच्या डोक्यावरून सेंटर फील्डला पाठव’ एवढं पुरे. एका दिवशी एकच गोष्ट सांगा. पालक कुंपणाबाहेरून कोपर, गुडघा, डोकं सगळं एकदम ओरडतात, त्यांना चहाला पाठवा.

टी झाली की टॉस, म्हणजे समोरून हातानं हलकेच टाकलेला चेंडू. तुम्ही जाळीमागे, 15 फुटांवर. क्रिकेटच्या सरावाची जाळी दुहेरी करून चालते, पण तिला चिकटून बसू नका, चेंडू लागला की जाळी फुगते. आपण शिकवतोय ते जमलं तर चेंडू थेट आपल्याच तोंडावर येणार, हे विसरून खुर्ची टाकून समोर बसणारे लोक मी पाहिलेत. बॅटिंग करणारीला हेल्मेट, चेंडू वेचणाऱ्या मुली पाठीमागे. उन्हं कलली असतील तर मुलीचं तोंड पश्चिमेला नको. आणि प्लेट इथेही मांडायची! टी उचलली म्हणून प्लेट उचलू नका. टॉस आत, मध्ये, बाहेर असा बदलत टाकायचा. प्लेटच नसेल तर आत काय आणि बाहेर काय, तुम्हालाही कळणार नाही आणि तिलाही.

पिचर असेल तर शेवटी तिला टाकू द्या. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर 43 फुटांवरून टाकते. ताशी 80 किलोमीटरचा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात प्लेटवर येतो. विचार करायला वेळ नाही. पिचरचा हात वरून खाली यायला लागला की पाऊल, एवढंच पक्कं करा. दमल्या की थांबा, दमलेली मुलगी परत खांदा पाडते.

सामन्याच्या दिवशी फार काही नाही. हलकी बॅट आपलीच न्या. सराव केला तीच, नवी नको. मैदानावरची प्लेट आयोजकांची असते, पण वॉर्मअप होतो कोपऱ्यात, तिथे काही नसतं; आपली टाका. टी, चार चेंडू, दहा-बारा फटके, बास. ओळखपत्रं, जन्मदाखल्याच्या झेरॉक्स, पाणी, केळी हे बाईंकडे सोपवा.