कादंबरीतून शब्द शिकवताना या चुका टाळा

वर्गात कादंबरी सुरू झाली की पहिल्याच तासाला फळ्यावर कठीण शब्दांची यादी येते. वीस-पंचवीस शब्द, समोर अर्थ, आणि मुलं ती निमूटपणे वहीत उतरवून घेतात. आठवड्याने विचारलं तर निम्मेही आठवत नाहीत. यात मुलांचा दोष नाही. ज्या प्रसंगामुळे तो शब्द मनात रुतला असता, तो प्रसंग त्यांनी अजून वाचलेलाच नसतो. ज्यांच्यावाचून गोष्टच कळणार नाही, असे दोन-तीन शब्द आधी सांगा. बाकीचे वाचून झाल्यावर घ्या.

पुस्तकच जड असेल तर

मुलं दर ओळीला अडत असतील तर शब्दांचे खेळ, तक्ते काही कामाला येत नाहीत. हू आणि पॉल नेशन या भाषा-अभ्यासकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. कुणाच्या मदतीशिवाय कथा नीट समजायची तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे २५० शब्दांच्या पानावर साधारण पाच अनोळखी शब्द. कादंबरी ठरवण्याआधी मधलंच एखादं पान मुलांना द्या आणि न कळलेले शब्द मोजायला सांगा. आकडा बराच वर गेला तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवा, किंवा दुसरं निवडा.

दिसेल तो शब्द शिकवणं

समुद्रावरच्या कथेत 'डोलकाठी' आणि 'सुकाणू' येतात, तसेच 'साशंक' आणि 'निर्ढावलेला'सुद्धा येतात. वेळ मोजकाच असतो, तो दुसऱ्या जोडीवर खर्च करा. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिओन या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी शब्दांचे तीन स्तर मांडले आहेत: रोजच्या बोलण्यातले, अनेक विषयांच्या लिखाणात भेटणारे आणि एखाद्या विषयापुरते. शिकवण्याचा भर मधल्या स्तरावर हवा. डोलकाठीसाठी एक चित्र पुरतं.

कोशातला अर्थ उतरवून मोकळं होणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा, वाक्य असं आहे: 'चोरून वाचलेलं पत्र त्याच्या हातात तिने पाहिलं, तसा तो ओशाळला.' अंदाज करायला सांगितलं की बरीच मुलं 'घाबरला' म्हणतील, आणि या वाक्यात ते बसतंही. म्हणून नुसत्या संदर्भावर विसंबू नका. दुसरीकडे, कोश उघडून 'ओशाळणे म्हणजे लाजणे' एवढंच लिहून घेतलं, तर उद्या वहीत वाक्य येतं: 'बक्षीस घेताना ती ओशाळली.' व्याकरण बिनचूक आहे, पण शब्द चुकला. ओशाळण्यात आपलं काहीतरी चुकल्याची, उघडं पडल्याची टोचणी असते, आणि बक्षीस घेताना ती कुठून येणार?

आधी अंदाज बांधू द्या, मग कोश पाहू द्या, आणि मग पुन्हा त्याच वाक्याकडे वळा: इथे 'लाजला' का चालत नाही? 'वरमला' चालेल का? एका शब्दावर पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्या. अशा चर्चेत 'ओशाळवाणं हसू' आपोआप पुढे येतं आणि शब्दाचं गणगोतही कळतं.

मात्र ही चर्चा वाचन थांबवून करू नका. गोष्ट रंगात आली असताना दर दोन ओळींनी 'याचा अर्थ सांगा बरं' म्हटलं, तर शब्दही जातो आणि गोष्टही. वाचताना दोन शब्दांत अर्थ सांगून पुढे चला, हवं तर समासात पेन्सिलीने खूण करा.

एकदा शिकवला म्हणजे झालं, असं समजणं

शिकलेलं किती झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून मांडलं. यावर उपाय उजळणीचा, पण यादी पुन्हा वाचणं म्हणजे उजळणी नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा नुसता पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्याने जास्त राहिलं. म्हणून पुढच्या तासाला वह्या मिटवून विचारा, मग चार दिवसांनी, मग दोन प्रकरणं उलटल्यावर.

चाचणीत येतो, बोलण्यात येत नाही

जोड्या लावताना शब्द नुसता ओळखायचा असतो, तोंडात यायची गरजच पडत नाही. त्याऐवजी पात्रांवर प्रश्न विचारा: या प्रकरणात कोण ओशाळलं? कुणी ओशाळायला हवं होतं, पण ओशाळलं नाही? उत्तर द्यायचं तर शब्द वापरावाच लागतो, आणि दोन मुलांचं एकमत झालं नाही तर तोच शब्द दहा वेळा वर्गात फिरतो. सुरुवातीला वाक्यं ओबडधोबड येतील. तिथे लगेच लाल पेन काढू नका, बरोबर वाक्य तुम्ही स्वतः सहज बोलून दाखवा आणि चर्चा चालू राहू द्या.